एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधलं पान

सोमवार, ४ फेब्रुवारी. वोल्तेर्रा

पोथीतलं पान कापलंय! एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधे. शिवणीत खोलवर कातड्याची बोटभर पट्टी उरलीय, बाकी गायब. पानांवरचे आकडे नंतर कुणीतरी ओळीने घातलेत, त्यामुळे पत्ताच लागत नाही. पोथीच्या फोटोंच्या फिल्ममध्ये तर दिसणं शक्यच नाही. बोट घातलं तेव्हा हाताला लागली.

चारदा तपासलं. पोथीतला रंगारी आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगतोय, आणि एक्केचाळीसच्या तळाशी अर्ध्या वाक्यात तुटतं. बेचाळीसवर एकदम लोकर धुण्याची कृती. याच मजकुराच्या फ्लॉरेन्सच्या पोथीतही नेमकं तिथेच तुटतं — पण तिथे पान शाबूत, एकाच ओळीत लग्नातून थेट लोकरीत! म्हणजे तिकडच्या लेखनिकाने हीच पोथी समोर ठेवून उतरवली. पान गेल्यानंतर.

आणि माझे मार्गदर्शक सर चाळीस वर्षं उलट सांगताहेत. फ्लॉरेन्सची आई, ही तिची लेक, तिच्यावरून उतरवलेली, म्हणून हिचं काही धरू नका. त्यांचा अख्खा ग्रंथ त्यावर उभा. वीस तारखेला छपाईला जातोय.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग सर आठवले.

मंगळवार, ५. पिसा

इलारिओला सांगितलं. वाचनालयात माझ्या शेजारी बसतो, त्याच्यापासून काही लपत नाही. "गप्प बस गं बाई! आधी म्हाताऱ्याचं शिफारसपत्र हातात पडू दे. मग काढ चुका, हव्या तेवढ्या."

विद्यापीठात तीन वर्षांत पहिली जागा निघालीय. सरांचं पत्र असेल तर माझीच. नसेल तर पोन्तेदेराला, बाबांच्या चपलांच्या दुकानात. चालेल मला? नाही चालणार!

गुरुवार, ७

सरांकडे जेवायला. त्यांच्या पत्नी एर्सिलियाबाईंनी चण्याचं सूप केलं होतं.

"काय गं नीवेस, काय म्हणते वोल्तेर्रा?"

"थंडी फार, सर."

एवढंच बोलले मी! आणि वर हसलेसुद्धा.

बाई वाढता वाढता म्हणाल्या, "चाळीस वर्षांपूर्वी यांना जायचंच होतं तिकडे, ती पोथी बघायला. पण मी छातीच्या दुखण्याने दवाखान्यात, आणि हे रोज माझ्या उशाशी. शेवटी फिल्म मागवली."

"अगं, कशाला ते जुनं? चीज दे इकडे."

चीज मीच पुढे केलं. पहिल्या तासाला सरांनीच शिकवलेलं — पोथीला हात लावल्याशिवाय पोथीबद्दल बोलायचं नाही.

शनिवार, ९

नाही सांगितलं.

मंगळवार, १२

पत्र मिळालं! पाकीट उघडंच. नदीच्या कठड्यावर बसून वाचलं.

"इतरांच्या चुका काढणारे मला पुष्कळ भेटले. माझी चूक सापडली तर ती माझ्या तोंडावर सांगेल, अशी ही एकटीच. ग्रंथ छापायला देताना मी निर्धास्त आहे, कारण तो हिच्या नजरेखालून गेला आहे."

कान तापले. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही. इलारिओ विचारतो, "काय मग, केक कधी?" अंगावर ओरडले त्याच्या. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

बुधवार, १३

सकाळी नऊला गेले. पत्र टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आठ दिवस लपवलं, हेसुद्धा. का लपवलं, तेही.

सर मधे एकदाच बोलले. "पट्टीला हात लावलास? स्वतः?"

"लावला."

एर्सिलियाबाई भाजीची सुरी हातात घेऊनच दारात आल्या होत्या. "माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे काही नाही. तू बरी झाल्यावरही मी गेलो नाही. आळस केला."

हे वाक्य ऐकवत नव्हतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस!

मग सरांनी हात पुढे करून टेबलावरचं पत्र मागितलं. दिलं. "जा घरी," म्हणाले. रागावून नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

रस्त्यात रडले. तरी हलकं वाटलं, खरंच. बाबांना फोन केला, दुकानात माणूस हवाय का विचारलं.

गुरुवार, १४

एर्सिलियाबाई स्वतः पाकीट घेऊन आल्या. छपाई थांबवलीय म्हणाल्या. पत्र तेच, एक शब्द बदललेला नाही. फक्त तारीख खोडून कालची घातलीय, आणि खाली बारीक अक्षरात: "आधीच्या तारखेला हे खरं नव्हतं."