भांडवली नफ्याचा कोरा रकाना

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग जात नाही. कॅम्प पाच वस्तीतल्या बुद्धविहारामागची ती खोली आठवली की अजून डोकं सणकतं. जुलैचा रविवार. अंबरनाथच्या तुमच्या कारखान्यातले लोक सतरंजीवर बसलेत, तुम्ही सांगताय आणि मी त्यांचे इन्कम टॅक्सचे फॉर्म भरतेय. मोतीबिंदूमुळे तुम्हाला बारीक रकाने दिसत नव्हते, पण हेडक्लार्कचा तोरा शाबूत होता. कामगारांना दिलेले शेअर परदेशी मालकांनी आदल्या वर्षी थेट परत विकत घेतले होते. तुम्ही म्हणालात, "शेअर वर्षाच्या वर ठेवलेत, टॅक्स नाही. तो रकाना कोरा सोड." मी हळूच म्हटलं, "बाबा, ती सूट बाजारात विकलेल्या शेअरना. आपले मालकांनी थेट घेतलेत, नफा दाखवावा लागेल." तुम्ही सगळ्यांदेखत कडाडलात, "बी.कॉम. काय झालीस, बापाला अक्कल शिकवतेस?" लोक हसले. शहाडचे फिटरकाका बोलले, "जाऊ दे ना बेटा, साहेब बोलले म्हणजे फायनल." मी रकाने कोरे सोडत गेले.

नोटिसा आल्या तेव्हा तुम्ही सुटला होतात. तुम्ही जाऊन, जलदानविधी होऊन महिनाही झाला नव्हता आणि फिटरकाका दारात उभे. कर, व्याज, वर दंड. त्यांनी शेअरचे पैसे कात्रपच्या फ्लॅटच्या बुकिंगला भरले होते. पुढे ते बुकिंग रद्द करावं लागलं. "साहेबांची चूक झाली काय ग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही काका, मीच फॉर्म चुकीचे भरले." "तरीच," ते म्हणाले, "साहेबांच्या हातून असं होणार नाय." तेव्हापासून तिथलं कुणी मला साधा अर्जही दाखवत नाही, आणि त्या खोलीत तुमचा फोटो हार घालून लावलाय. संताप होतो माझा.

आई जाईपर्यंत सांगत राहिली, पोरीने बापाची अब्रू राखली. मी कधी तिला अडवलं नाही. हे पत्रही लिहून कपाटात ठेवणार, दुसरं काय करणार? पण बाबा, मला नियम पक्का माहीत होता. मुदत संपायला आठ दिवस होते, काकांना एकटं गाठून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. तुम्ही एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडघशी पडावं, असं मला वाटत होतं. 'मीच चुकीचे भरले' म्हणाले, तेव्हा काकांशी मी खोटं बोलले नव्हते.