कावीळ म्हणून सांगितलेलं दुखणं

आई, तुझा एक धपाटा अजून पाठीवर आहे. शेजारच्या काकू चाळणी मागायला आल्या होत्या आणि मी, सातवीतली शहाणी, तुला डाव्या हाताने भाकरी थापताना बघून बोलून गेले, "आईच्या छातीत गाठ आहे ना, म्हणून उजवा हात सुजलाय." काकू गेल्या आणि पिठाच्या हाताने बसला. "चारचौघांत असलं बोलतात? दोन पोरी उजवायच्यात मला!" त्या दिवसापासून तुला कावीळ झाली. तू गेलीस तेव्हाही कावीळच सांगितली. आम्हा दोघींची लग्नं बिनबोभाट झाली, तेवढं मान्य.

आता ऐक. तीन महिन्यांपूर्वी माझ्याही छातीत गाठ निघाली. आम्ही शारजात राहतो, अल मजाजला, हॉस्पिटल दुबईत. तिथल्या फॉर्मवर 'आईचा आजार' असा रकाना होता. काय लिहिलं असेल मी? कावीळ! पंचेचाळिशी उलटलेली, एमकॉम झालेली बाई! सवयच गं, दुसरं काय.

जनुकांच्या चाचणीआधी घराण्याची माहिती घेणारी बाई मेक्सिकोची. तिने विचारलं, "कावीळ किती दिवस होती?" मी म्हटलं, "दोन वर्षं." ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे सांगतात, माझी आजी काळजी करून करून गेली. आमची माणसंही अशीच. अशी चाचणी असते हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं तरी घरातलं दुखणं बाहेर सांगत नाहीत. मग नेमकं औषध कसं निवडायचं?" मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं, धपाट्यासकट. चाचणीत जनुकातला बिघाड सापडला, तुझ्याकडूनच आलेला असणार म्हणाले, आणि त्यालाच लागू पडणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवल्या. इन्शुरन्सचं अप्रूव्हलही आलं. तुझा राग आला, खूप आला. मग वाटलं, तुझ्या वेळी या गोळ्या होत्याच कुठे? आणि तुला विचारलं तरी कुणी होतं?

ताईने पुण्यात चाचणी करून घेतली. तिच्यात तो बिघाड नाही.

राहिली माझी लेक. वीस वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात, तिलाही आला असेल तर आत्ताच कळलेलं बरं, पुढे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवता येईल. माझ्या गाठीचं तिला ठाऊक आहे, तुझं नाही. काल मी कणीक मळत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "मम्मा, हाऊ डिड आजी डाय?" मी म्हटलं, "कावीळ." "ओके," म्हणाली आणि खोलीत गेली.

हा कागद तुझ्यापर्यंत कुठला पोचतोय! खरा तिच्याच पुढ्यात ठेवायला हवा, पण तिला मराठी वाचता येत नाही. खरं सांगू, आई? म्हणूनच मराठीत लिहिलाय.