गुडघ्याबद्दल मी जे सांगितलं

लेस्टर,
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

प्रिय रेखा,

मी आणि पत्र! चालत दहा मिनिटांवर तुझं घर, आणि मी पाकिटावर तुझा पत्ता घालून फर्स्ट क्लासचं तिकीट लावतेय. हस खुशाल. फोन दोनदा हातात घेतला होता गं. पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. मध्येच म्हणशील, बरं ते राहू दे, जेवलीस का, आणि मीही हो म्हणून सुटका करून घेईन. म्हणून लिहिते. बुधवारी तुझ्या हातात पडेल. तनू दुकानात कामाला गेलेली असताना एकटीने वाच. तुझ्या लेकीबद्दलच आहे, तिच्या अमेरिकेबद्दल. त्या विषयावर आपण दोघी एप्रिलपासून एक अक्षर बोललेलो नाही.

पण आधी माझं रडगाणं ऐक, नाहीतर मला सुरुवातच करता यायची नाही. जूनमध्ये युनिव्हर्सिटीच्या माझ्या बास्केटबॉल टीममधल्या बारापैकी सात पोरी गेल्या. कोर्स संपला की जाणारच, त्यांचं काय चुकलं? ती लिथुएनियाची उंच मुलगी एका वर्षाच्या मास्टर्सला आली होती. तिला डिफेन्स कळायला लागला तोवर तिचं सामान बांधून झालं होतं. मग सप्टेंबरात पुन्हा नव्या विद्यार्थ्यांच्या त्या फ्रेशर्स फेअरला टेबल मांडून बसा. यंदा आमचं टेबल साल्सावाल्यांच्या आणि पॅराशूटवाल्यांच्या मधोमध. एकीकडे नाच, दुसरीकडे विमानातून उड्या मारणाऱ्यांचे फोटो, आणि मध्ये मी, पन्नाशीची बाई, काखेत बॉल घेऊन उंच मुली हेरतेय. खरं सांगते, मला आता माणसाचं तोंड दिसतच नाही, आधी उंची दिसते. परवा बेलग्रेव्ह रोडवर साडीच्या दुकानात एक मुलगी स्टुलावर न चढता वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना दिसली. साडी राहिली बाजूला, मी तिला कुठे शिकतेस, वय काय, विचारत सुटले. तिच्या आईला वाटलं, मी स्थळच घेऊन आलेय.

जमवलेल्या पोरींमधल्या चौघी शाळेत नेटबॉल खेळलेल्या. नेटबॉलमध्ये बॉल हातात आला की पळायचं नसतं. त्यामुळे या बॉल छान पकडतात आणि तिथेच खांबासारख्या उभ्या राहतात. मी बाहेरून ओरडतेय, अगं पळ, पळ बाई, आणि ती बिचारी माझ्याकडे बघतेय, आपण काय गुन्हा केला म्हणून. पहिल्या चारही मॅच हरलो. आणि हे तुला कधी बोलले नाही, पण सबंध सप्टेंबर मी यादीत अकराच नावं लिहिली. बारावी ओळ कोरी ठेवली होती. तनू येईल असं वाटत होतं.

तुला आठवतं, ती अकरा वर्षांची होती, मंडळाचा गणपती त्या शाळेच्या हॉलमध्ये होता? इकडे आरती चाललेली आणि ही मागे भिंतीवरच्या बास्केटमध्ये नारळ टाकतेय. सहापैकी चार आत गेले. पाचवा फुटला. हरीश बाप म्हणून तिला रागवायला गेला आणि स्वतःच हसत सुटला, नंतर फुटलेलं खोबरं सगळ्यांना वाटत फिरला. मी त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं की ही मुलगी मला द्या. मग पाच वर्षं दर शनिवारी हरीशच तिला सरावाला आणायचा, कडेला बसून क्रॉसवर्ड सोडवायचा, आणि सगळं बघत असायचा. तो गेल्यानंतर मी तिला न्यायला यायची. त्या पहिल्या शनिवारी ती येणार नाही असं मी धरून चालले होते, पण ती बॅग घेऊन दारात उभी होती. हॉलमध्ये दोन तास नुसती फ्री थ्रो मारत राहिली.

अमेरिकेचं खूळ कुणी काढलं? मीच. तिचे शॉट कॅमेऱ्यावर घेतले मी, डीव्हीडी केल्या मी, सात कॉलेजांना पोस्टाने पाठवल्या मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मार्चमध्ये त्यातल्या एका कॉलेजच्या कोच बाई आल्या, मॅच बघितली, मग तुझ्या घरी आल्या. तू पोहे केलेस, त्यांनी दोनदा मागून घेतले. चार वर्षांची स्कॉलरशिप, राहणं, शिक्षण, सगळं त्यांनी नीट समजावलं. आईला काही शंका आहे का असं त्यांनी विचारलं, तेव्हा तू हसून नाही म्हणालीस. मी तुझ्याकडे बघत होते. रिकामी बशी तू चौथ्यांदा पुसत होतीस.

दुसऱ्या दिवशी तू ऑफिसला न जाता माझ्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये येऊन बसलीस. ते तुला विसरता आलं नसेल, मलाही नाही. तू रडली नाहीस, ते मला जास्त जड गेलं. तू म्हणालीस, हरीश गेल्यापासून तनू किल्ली घालून दार उघडते तो आवाज आला की मगच मला श्वास घेता येतो. म्हणालीस, तिला मी नाही म्हटलं तर ती जन्मभर माझ्यावर राग धरेल, पण शशी, तू काहीतरी कर, ते लोक तुझं ऐकतात. मी हो म्हटलं. मैत्रिणीला शब्द दिला, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं.

एप्रिलमध्ये त्या बाईंचा फोन आला. कागदपत्रं तयार होती. फक्त एक राहिलं होतं, डिसेंबरात तनूचा गुडघा मुरगळला होता त्याचं कसं काय. रेखा, तो गुडघा मीच बरा केला होता. फेब्रुवारीत तो ठणठणीत होता, माझ्याच हाताने रिपोर्टवर लिहिलं होतं. आणि मी त्यांना म्हणाले की वरून ठीक दिसतो, पण खेळाचा भार वाढला तर सांगता येत नाही, मी तुमच्या जागी असते तर एक सीझन थांबले असते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरचा कागद मागितला असता. पण तिची कोच सांगतेय, ती फिजिओथेरपिस्ट, शिवाय घरची. त्यांनी माझे आभार मानले गं. इतक्या प्रामाणिकपणे सांगितलंत म्हणाल्या. आठवड्याभरात तनूला दोन ओळींचा ईमेल आला, जागा भरली, शुभेच्छा.

आता मनातलं बोलते. तुझ्यासाठी केलं असं मी सात महिने स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मलाही ती हवी होती. सात पोरी निघाल्या होत्या, आणि तनू इथेच शिकली असती तर तीन वर्षं ती माझी होती. तू कॅन्टीनमध्ये आली नसतीस तरी फोनवर माझी जीभ वळवळली असती, मला ठाऊक आहे. तू मागितलंस म्हणून मला लाज वाटायची राहिली, एवढंच. आणि झालं काय? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तिने युनिव्हर्सिटीची जागा सोडली, वर्षभर थांबते, गॅप इयर म्हणाली, बॉल गॅरेजमध्ये टाकला आणि बुटांच्या दुकानात नोकरी धरली. तुझ्या दारात किल्ली वाजते खरी, पण आत येणारी मुलगी तुझ्याशी किती बोलते, ते तू मला सांगत नाहीस. मी विचारतही नाही.

ऑक्टोबरात मी त्या दुकानात गेले होते. खेळायचे बूट, ट्रेनर्स घ्यायचे होते म्हणून, निदान तसं स्वतःला सांगून. तनू एका लहान पोराच्या पायाचं माप घेत होती. गुडघ्यावर बसतेय, उठतेय, बूट आणतेय, पुन्हा बसतेय. पाऊण तासात चौदा वेळा, मी मोजलं. मला बघून हसली, शशीमावशी म्हणून गळ्यात पडली. टीमचं विचारलं. नेटबॉलवाल्यांचं सांगितल्यावर खळखळून हसलीसुद्धा. मग सहज म्हणाली की मी तेवढी चांगली नव्हते मावशी, त्यांनी बघितलं आणि त्यांना कळलं, बरं झालं लवकर कळलं ते. अगदी शांतपणे म्हणाली. मी सहा नंबरचे ट्रेनर्स घेतले, मला साडेसहाचे लागतात, आणि गाडीत येऊन ढसाढसा रडले. एवढ्या वर्षांत कुठल्या पोरीला मी तू चांगली नाहीस असं कधी म्हटलं नाही. बेंचवर बसवलं, यादीतून काढलं, पण तोंडावर कारण सांगून. आणि जी सगळ्यात चांगली, तिला मी पाठीमागून हे पटवून दिलं.

गेल्या बुधवारी त्या कोच बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांची एक मुलगी दुसऱ्या कॉलेजात निघून गेली, दुसरीने घरच्या आठवणीने सोडलं. तिकडेही तेच गं, माणसं टिकत नाहीत. जानेवारीपासून जागा रिकामी आहे. तनूचा गुडघा आता कसा आहे, त्यांनी विचारलं. या वेळी मी तुला विचारायला थांबले नाही. गुडघा एप्रिलमध्येही बरा होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं, असं सरळ सांगून टाकलं. मग म्हणाल्या की डॉक्टरचा कागद हवा, तुमचा चालणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. कागद मिळाला तर जागा तिची. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.

आणि रविवारी मी तनूला घरी बोलावून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, एकदाच विचारलं, का? मी म्हटलं, मला तू माझ्या टीममध्ये हवी होतीस म्हणून. हे खोटं नाही, म्हणून मला ते बोलता आलं. तुझं नाव मी घेतलं नाही. कधी घेणार नाही, ती शपथ नाही, साधं सांगतेय. तिने कोट घातला आणि निघाली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण तिने ते हळू लावून घेतलं. मावशी म्हणून ती मला पुन्हा हाक मारेल का, माहीत नाही. तिला जायचंय, रेखा. तोंडाने बोलली नाही, पण जानेवारी म्हटल्यावर तिचा चेहरा बघितला मी. तू मला विचारलंस तर मी सांगेन, तिला जाऊ दे. तुझ्या घरात त्या दिवसापासून जी शांतता होईल ती मी भरून काढू शकत नाही, पण रोज संध्याकाळी येऊन बसेन, तू हाकलेपर्यंत.

आता हे पत्र का, ते सांगते. काल दुपारी तनूचा फोन आला. माझ्याशी ती अगदी परक्यासारखी बोलली. डॉक्टरची वेळ घेतलीय म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी ती तुला सांगणार आहे की अमेरिकेत अचानक जागा निघाली, आणि तू हो म्हणालीस तरच जाणार आहे. एप्रिलमध्ये मी काय केलं ते मात्र ती तुला सांगणार नाही. तिने मलाही बजावलं, आईला यातलं काही कळता कामा नये. मी विचारलं, का गं? म्हणाली, मी गेल्यावर आईला इथे तुझ्याशिवाय कोण आहे? तिला कळलं तर ती तुझं तोंड बघणार नाही, मग ती एकटी पडेल. तेव्हा गुरुवारी तुझी मुलगी तुझ्यासमोर बसून, तुझ्यासाठी, माझं पाप झाकणार आहे. तिला बोलू द्यायचं की मध्येच थांबवून कॅन्टीनमधलं खरं सांगायचं, ते तू ठरव.

तुझीच, तू ठेवशील तोवर,
शशी