नऊ सेकंदांच्या टेस्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

एकदाची नोकरी लागली. आठ महिने घरी बसून आईच्या भिशीतल्या बायकांचे कीव करणारे चेहरे पाहिले, ते संपलं. कारंज्याहून एसटीने शेलूबाजारला उतरले, तर जगदेव सर स्वतः स्कूटर घेऊन उभे. आधी गरम कचोरी खाऊ घातली, मग ऑफिस दाखवलं. हायवेला लागून सरांचं धान्याचं गोदाम आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आमचं सॉफ्टवेअर गोदामं सांभाळतं. आतली ऊब आणि ओल मोजायची, वेळेवर पंखे लावायचे, कॅमेऱ्यातून किडे मोजायचे. पहिला प्रयोग खालच्याच गोदामावर चालू आहे, तिथे तूर आणि हरभरा भरलाय. झाडलोट चंपाबाई करतात. त्यांनी माझी खुर्ची तीनदा पुसून दिली. भली माणसं आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज कोड उघडला. शी. माझ्या आधी इथे असलेल्या विनोदने लिहिलेला. तीच ओळ चौदा ठिकाणी चिकटवलेली, खरकट्या हाताने वह्या हाताळाव्यात तसा सगळा प्रकार. युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा करून तपासणं; काही सेकंदांचं काम. इथे एकेचाळीस मिनिटं लागतात. वर निकालाचा भरवसा नाही. सकाळी पास झालेली टेस्ट दुपारी नापास, कोडला कोणी हातही लावलेला नसताना. सरांना विचारलं तर म्हणाले, पुन्हा चालवायची, होते पास. दिवसातून सहा-सात वेळा चालवतात म्हणे. हे मी पंधरा दिवसांत सुधारलं तर मला कायम करणार आहेत.

७ नोव्हेंबर

सापडलं. विनोद महाशयांच्या टेस्ट खालचे खरे पंखे लावतात. पंखा लावायचा, बारा मिनिटं थांबायचं, मग ऊब उतरली का ते बघायचं. मध्येच लाइट गेली की टेस्ट नापास. कॅमेराही खराच वापरलाय. असला गचाळपणा मी जन्मात पाहिला नाही.

मी खोटा पंखा लिहिला. म्हणजे चार ओळींचा कोड, जो विचारल्यावर ‘फिरतोय’ एवढंच सांगतो. कॅमेऱ्याऐवजी जुने फोटो ठेवले. एकेचाळीस मिनिटांचे नऊ सेकंद झाले. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास; दहा वेळा चालवल्या तरी हिरव्या. सरांनी पेढे आणले. चंपाबाईंना ते कशाचे हे नीट कळलं नाही, पण मला तोंडभर आशीर्वाद देऊन गेल्या.

१२ नोव्हेंबर

वास येतोय. ओल्या पोत्यांचा, त्यात काहीतरी गोडसर. डब्यातली पोळी उलगडली तर घडीत अळी, पांढरी, डोकं हलवणारी. अर्धी पोळी तोवर खाऊन झाली होती. तीनदा ओकले.

चंपाबाई सांगत होत्या की पंखे चार-पाच दिवस फिरलेच नाहीत, आतमंदी गरम होऊन राह्यलं, तुमी पाहा ना काहून ते. मी म्हटलं, सॉफ्टवेअर बघतं ते, टेस्ट हिरव्या आहेत. त्या झाडू उचलून खाली गेल्या.

१५ नोव्हेंबर

पंखे लावणारा मूळ कोड आज वाचला. आधीच वाचायला हवा होता. तो कुठल्या वेळापत्रकाला जोडलेलाच नाही. कधीच नव्हता. आजवर पंखे फिरले ते फक्त टेस्ट चालत होत्या म्हणून. विनोदच्या त्या गलिच्छ टेस्ट, रोज सहा वेळा. मी त्या नऊ सेकंदांच्या केल्या आणि आठ दिवस गोदाम उबत ठेवलं.

सरांना सांगितलं नाही. नोकरी जाईल. जुन्या टेस्ट गुपचूप परत लावल्या. पंखा घरघरतो आणि थांबतो, काहीतरी अडकलंय. कॅमेऱ्याच्या टेस्टमध्ये किडे वीसपेक्षा कमी यायला हवेत. आले ६,११२.

१७ नोव्हेंबर, सकाळ

कीबोर्डच्या फटींत अळ्या. कानात वळवळ झाली, काडीने काढली, ओली होती. माझीच मला किळस येते आहे.

नऊ वाजता चंपाबाईंना गोदामात पाठवलं, पंख्यात अडकलेलं काढायला. सरांना सांगू नका म्हटलं. त्या म्हणाल्या, मले आत जीव घाबरते, पन तुमी म्हनता त जातो.

टेस्ट चालवली. ३४०. कमी झाले म्हणून हायसं वाटलं. पुन्हा चालवली. १७. टेस्ट हिरवी. पुन्हा. १.

कोडवर विश्वास बसेना म्हणून फोटो उघडला. कोड बरोबर आहे. कॅमेरा हलणारं, सुटं जे दिसेल ते मोजतो. आता सुटं काही उरलेलं नाही. सगळ्या थप्प्यांवर मिळून एकच — ओलसर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत — एकदम फुगतं, एकदम बसतं —

अकरा वाजले. चंपाबाई आल्या नाहीत.

दुपारी १२

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच फोन उचलला. पोलिसांना, सगळ्यांना फोन लावलेत, यायला तास लागेल. तासभर थांबणं मला जमणार नाही. चंपाबाईंना आत मी पाठवलं.

सर वर बसून नुसती कॅमेऱ्याची टेस्ट चालवत राहतील, ती लगेच होते; आकडा मेसेज करतील. मी आत गेले की २ यायला हवा. चंपाबाई सापडल्या, सुटून आल्या, की ३.

१२.१०

आत आहे. फोनवर टिपतेय, मेसेज दिसायला हवा. जमीन कोमट. चप्पल रुतून मागे राहिली, अनवाणी — बोटांच्या मधून वर येतंय —

सर: २.

हाक मारली. चंपाबाईंचा आवाज आला, पोरी, मांगं फीर. समोरून नाही. सगळीकडून.

१२.१६

हात सापडला. बांगड्या आहेत. गरम. ओढते पण — कोपरापुढे कुठे संपतो ते कळत ना —

मेसेज आला. सर विचारतात, बाहेर आलीस का. आकडा १ दाखवतोय.

मी आतच आहे. हात सोडते, सुट—