हाडाला भार हवा

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही पत्र फोडलंस, तर आता शेवटपर्यंत वाच. आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचा सांधा बदलावा लागला. ऑपरेशन छान झालं, टाकेही भरून आलेत, पण ती उठतच नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज वॉकर समोर धरते, कधी गोडीगुलाबीनं, कधी दटावून. आई भिंतीकडे तोंड फिरवते. मी चिडले, रडले, पाया पडले. एकदाच बोलली, "उठून जायचं तरी कुठे?"

माझं कामच हे, तुला आठवत असेल. नवा सांधा बसवल्यावर भोवतालचं हाड पुढे कसं बदलेल, ते आम्ही कॉम्प्युटरवर आधीच पाहतो. भार सांध्याचा, मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा उचलतो, हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचं हाड शरीर आपणहून विरघळवून टाकतं. म्हणून चालायचं, हाडालाही भार द्यायचा. आजवर परक्यांची हाडं पाहिली. परवा आईचे स्कॅन घातले. चालती आई धरली, तर हाड थोडं विरळ होऊन थांबतं. झोपलेली धरली, तर पडद्यावर दांड्याभोवतीचा पांढरा, म्हणजे भरीव हाडाचा, रंग निळा पडत जातो आणि थांबतच नाही. औषधं धरून पाहिली, वजन बदलून पाहिलं. शेवटी साहेबच म्हणाले, "पुरे कर, घरी जा." दांडा सैल झाला तर पुन्हा ऑपरेशन, आणि तिच्या हृदयाला ते झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. मी नुसती बघत बसलेय रे. माझ्या हातात काहीच नाही.

आता खरं ते लिहिते. काल कुरियरवाल्यानं बेल वाजवली, तुझ्यासारखीच, लागोपाठ दोनदा. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तर आई उभी! वॉकर नाही, काही नाही. कपाटाला, भिंतीला धरत दारापर्यंत गेली. दार उघडलं आणि त्या माणसाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मला आत ने." तेव्हापासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. तुझ्या लग्नाच्या वेळी 'या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस' म्हणाली होती, मी तिथेच होते. ते शब्द ती परत घेणार नाही; मला लिहायलाही तिनं सांगितलेलं नाही. तरी ये. वहिनीला घेऊन ये. बेल वाजव आणि तिथेच उभा राहा. दार मी उघडणार नाही. तिला यायला वेळ लागेल, तेवढा थांब.

वाट बघणारी, तुझीच
धाकटी