मोबाईलवर लावलेली पोथी

गुरुजी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी मी महादेवाच्या देवळात पोथीच्या पाटावर मोबाईल ठेवला आणि अध्याय लावून दिला. तुम्ही गेल्यापासून पोथी वाचणारे आप्पा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला. मोबाईलमधला आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध. पाचच मिनिटांत तुमची धाकटी बहीण, आम्हा सगळ्यांची आत्या, म्हणाली, "थांब रे, ह्याचा अर्थ काय?" मी बटण शोधेपर्यंत तो दहा ओव्या पुढं गेलेला. "थांब म्हणलं तर थांबंना, ही कसली पोथी? माझ्या भावानं तुला वाचाया शिकवलं न्हाई का?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मात्र चौघंच आले, तिसऱ्या दिवशी दोघं. तुम्ही इतकी वर्षं चालवलेली पोथी माझ्यामुळं बंद पडणार, हे दिसत होतं.

चौथीत तुम्ही मला शाळेच्या ओट्यावर मोठ्यानं वाचायला बसवता. मी घाई केली की लाकडी पट्टी पानावर आडवी येते. "लई पळायलास. ऐकणाऱ्याला गिळू दे की." शाळा सुटली तेव्हा ती पट्टीच तुम्ही मला देऊन टाकलीत. आता मी रेणापूरहून लातूरला, बियाण्याच्या दुकानात कामाला जाताना बसमध्ये पुस्तकं ऐकतो, तीही दीडपट वेगानं. ठिबकच्या नळ्या जोडायला व्हिडिओ बघूनच शिकलो, जेवताना कीर्तन बघतो. त्यात मला वाईट काही वाटत नाही. मोबाईल असता तर तुम्हीही हौसेनं ऐकलं असतं. पण कागदावर माझी नजर चार ओळींत निसटायला लागली होती. देवळात मोबाईल ठेवला तो सोयीसाठी नव्हे, चारचौघांत अडखळायच्या भीतीनं.

मग आठवडाभर पहाटे, मोबाईलला हात लावायच्या आधी, एक पान मोठ्यानं वाचत गेलो. बसमध्ये तोच अध्याय ऐकायचो, साध्या वेगानं. दोन्ही लागतं, गुरुजी. तुम्ही लावलेली सवय अजून आत कुठंतरी होती, हे तुमचे उपकार.

हे पत्र टाकायचं कुठं? पोथीच्या फडक्यातच ठेवतो. काल मी पाटावर बसलो, ओळीखाली तुमची पट्टी धरली आणि वाचायला लागलो. तीनदा अडखळलो. आत्या म्हणाली, "थांब. ह्याचा अर्थ?" थांबलो. अर्थ मलाही येत नव्हता. तसं सांगितलं, आणि ती ओवी पुन्हा वाचली.