खुंटा नसलेलं जातं

पौड, १८ मे १९५८, रविवार

डोकं अजून ठणकतंय. मुळशीच्या धरणाचं पाणी यंदा इतकं हटलं की बुडालेल्या गावातली जोती उघडी पडली. तिथून उठून वर गेलेली माणसं जुन्या देवापुढं नारळ फोडायला चिखलातून उतरली. मीही कॅमेरा घेऊन गेलो, तर पाटील आडवा आला. "आदी आमचा काडा, मंग देवाचा." बसून, उभा राहून, फेटा बदलून पुन्हा बसून. अख्खा रोल त्याच्या मिशांवर गेला आणि मी मुकाट्यानं बटण दाबत राहिलो. का? तर माझ्या स्टुडिओची जागा त्याची.

आणि मग ती म्हातारी. आपल्या घराच्या जोत्यावर चढली, हातानं चिखल सारला, तर खाली तिचं जातं. खुंटा कधीच कुजून गेलेला. तिनं हवेतच मूठ वळली आणि दळायला बसल्यासारखा हात फिरवू लागली. डोळे मिटून. मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून नुसता बघत राहिलो.

पाटलाला सोडणार नाही. फोटो पक्का करायच्या हायपोत त्याचा कागद नुसता बुचकळून काढीन. आज झकास दिसेल, काचेत घालून ओसरीवर मिरवील, आणि दिवाळीपर्यंत मिशांसकट तोंड काळंपिवळं!

मघापासून तो नसलेला खुंटाच दिसतोय. निघताना म्हातारीनं विचारलं, "काडलास न्हवं रं माजा फोटू?"

मी म्हणालो, "व्हय."

बाजारच्या दिवशी ती न्यायला येणार आहे.